तट्ट्यापलीकडचं रडणं

भिलाईचं नाव काढलं का लोकं मान पुढं करून बसतात. आता हा सांगन भट्टी कशी पेटली, लोखंड कसं लाल पाण्यावानी वाह्यलं, रशियन साहेब कसा टोपी काढून नाचला. साहेब नाचला का नाही मले माहीत नाही. भट्टी पेटली त्या दिवशी मी झोपडीत ताप घेऊन पडलो होतो. तरी गावाले गेलो का मी तो नाचणारा रशियन करून दाखवतो, अन् सारं गाव म्हणते, वा रे पोट्ट्या, हुबेहूब! हुबेहूब काय, तुमच्यापैकी कोणं पाह्यला हाये त्याले?

तं तुमी भट्टीसाठी बसले असान तं उठा. मी एका आठ महिन्याच्या पोट्ट्याचं सांगून राह्यलो. अन् एका वहीवाल्या बाईचं. तेही तुमाले वाटते तसं नाही. पांढरी साडी, गोड आवाज, डोक्यावरून हात फिरवणारी, असली नर्स मी सिनेमातच पाह्यली. आमची बाई उन्हानं काळवंडलेली, पायात मर्दानी बूट, अन् आवाज असा का लाइनीच्या त्या टोकाले खोकलली तं या टोकाचे कुत्रे उठून बसत.

मी तवा एकोणीस वर्षाचा होतो. भंडाऱ्याकडच्या एका लहान गावातून आलो होतो. मॅट्रिकमंधी गणितानं मारलं. शाळेत मले एकच विषय येत होता, मास्तरायची नक्कल. हेडमास्तर गावाले गेला असला तरी त्याचा आवाज वर्गात असे, माह्या तोंडातून. भिलाईत एका ठेकेदाराकडं हजेरी मुनशी लागलो. सकाळी सातले वही घेऊन उभं राहाचं, नाव पुकाराचं, आला त्याच्यापुढं टिक माराची. दिवसभर सिमेंटची धूळ खाची अन् चारले परत.

राहाले रुआबांध्याकडं झोपड्यायच्या लाइनी होत्या. बांबूचे तट्टे, वर डांबरी कागद, दाराले बोऱ्याचा पडदा. दोन झोपड्यायच्या मधात एकच तट्टा. आमच्या लाइनीत सारे बायकापोरावाले, काही आपल्याकडचे, काही छत्तीसगढी. एकटा असा मीच. सांज झाली का बसाले घरोघरच्या बाजा बाहेर निघत अन् मले बलावत, "का गा मुनशी, तो मुकादम कर ना." मी मुकादम करो. "तो ट्रकवाला कर." मी ट्रकवाला करो, गिअर बदलाच्या आवाजासकट. पोट धरून हसत. मंग आतून हाक येई का स्वयंपाक झाला, अन् एकेक जण उठून आपापली बाज उचलून आत जाई. मले "जेवतं का" म्हणाचं कोणाले सुचे नाही. त्यायचाही दोष नाही. जो माणूस एवढं हसवते, तो जेवूनच आला असन असं वाटते.

मी आत जाऊन चूल पेटवो. कधी पेटे, कधी नाही. नाही पेटली का मुरमुरे खाऊन पडो.

तट्ट्यापलीकडं गोंदियाकडची एक बाई राहे. तिचा नवरा नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीवर गँगमंधी होता, पंधरा दिवसातून एकदा येई. मी तिले वहिनी म्हणो, ती मले भाऊ. तिचं पोट्टं पहिलंच. ते कसं रडे सांगतो. पहिले एक बारीक 'अ‍ॅं'. मंग थांबून पाहे, कोणी आलं का. कोणी नाही आलं तं मोठा सूर, अन् शेवटी नाकातून एक गिरकी. आठ दिवसात मी ते पक्कं शिकलो. एक दिवस ते रडलं अन् मी इकडून तसंच रडलो, गिरकीसकट. तिकडं एकदम चूप. मंग हळूच विचारल्यावानी, "अ‍ॅं?" मी म्हटलं, "अ‍ॅं." तिकडून पुन्हा, "अ‍ॅं?"

पाच-दहा मिनिटं आमचं बोलणं चाले. वहिनी तिकडून म्हणे, "भाऊ, आता हे तुमच्याचकडं देतो, तुमीच पाजा."

हसू नका, पण दिवसभरात माह्याशी आपल्याहून बोलणारं ते एकच होतं.

कारखान्याच्या दवाखान्यातली ती वहीवाली बाई दर बुधवारी येई. बुधवारी माही सुट्टी, म्हणून हे सारं माह्या डोळ्यापुढचं हाये. कारखान्याच्या सेक्टरातल्या पक्क्या क्वार्टरात पोट्टं जन्मलं का त्याचं छापील कार्ड निघे. त्याच्यावर क्वार्टरचा नंबर, वजन, टीके कधीचे, सारं. आमच्या झोपड्यायले नंबरच नाही, तं पोट्ट्यायले कार्ड कुठून राहीन? बाई लय दिवसापासून लाइनीत येत होती, पण नुसती येई. कोणाच्या दारात बसे, पाणी मागे, लेकराचा गाल ओढे अन् निघून जाई. त्या बुधवारी पहिल्यांदा तिनं पिशवीतून वही काढली. आपली शाळेतली असते ना, दोनशे पानी, तीच. आईचं नाव, लेकराचं नाव, कितवा महिना, काय खाते, झोपडी कुठं. झोपडीले नंबर नाही म्हणून लिही, "नीमाच्या झाडापासून सातवी". लेकराले कापडाच्या झोळीत टाकून वजनाच्या काट्याले लटकवे. पोट्टे बोंबलत, बाया हसत.

अशी करत ती माह्या दाराशी आली. वाकून पाह्यलं.

"इथे लहान मूल आहे?"

"नाही जी."

"बायको?"

"नाही जी."

"बरं." अन् पुढं गेली.

वहीत एक टिंबही नाही. मी रोज साऱ्या साइटची नावं लिहिणारा माणूस, अन् माह्या दारावरून वही अशी निघून गेली जसं तिथं दारच नाही. मले राग नाही आला. जिभेले खाज आली.

दोन दिवसाआधी मोजणीवाले येऊन लाइनीच्या मागून चुन्याची रेघ मारून गेले होते. रस्ता होणार, झोपडे जाणार, असं लोकं बोलून राह्यले होते. बाई दूर गेली तवा मी तट्ट्याआड उभा राह्यलो, छाती फुगवली अन् मोजणीच्या साहेबाचा आवाज काढला. "सबके नाम लिख लिए? बच्चा-बच्चा का लिखो! जिसका नाम बही में चढ़ा, उसका झोपड़ा शनिवार को साफ!"

समोरच्या दोघी तिघी बाहेर धावल्या. मले पाह्यलं. एकीनं चप्पल फेकून मारली. "मेल्या, काळजात धस्स झालं ना बापा!" अन् हसाले लागल्या. मीही हसलो. संपलं, असं वाटलं मले.

बाईनं वहिनीचं नाव परतानी लिहाले ठेवलं होतं, पण वहिनी पोट्टं घेऊन मागच्या बाजूनं नाल्याकडं पळाली होती. तिनं हसणं ऐकलंच नाही. सांजच्याले आली, पायाले चिखल, पोट्टं पदरात गुंडाळलेलं. माह्या दारात उभी राहून हळूच म्हणे, "भाऊ, तो साहेब गेला का जी?"

अन् मी म्हटलं, "गेला."

एकच शब्द. पुढं सांगाचंच होतं का वहिनी, तो साहेब म्हणजे मीच. पण ती माह्याकडं अशी पाहून राह्यली होती का हा शिकेल माणूस हाये, याले सारं माहीत राहते. भिलाईत मले असं कोणं पाह्यलं नव्हतं. म्हटलं उद्या सांगू, हसन तिही. उद्या ती कामाले गेली. परवा तिनं मले विचारलं, "वहीत नाव गेलं तं खोडता येते का जी?" मी म्हटलं, "शाईनं लिहिते ती." आता हे मी कावून म्हटलं?

हे बोलणं वहिनीनं रेजाच्या, म्हंजे घमेले वाहाच्या, कामावरच्या बायायले सांगतलं, त्यायनं दुसऱ्या लाइनीले. गंमत पाहा, ज्या दोघी तिघी समोर उभ्या राहून हसल्या होत्या, त्याही पलटल्या. म्हणे, मुनशीनं नक्कल केली तं खरा साहेब कुठी तरी असनच ना. अस्सल असल्याशिवाय नक्कल होते का कधी? शनवार कोरडा गेला तं म्हणे, पुढच्या शनवारी येतीन.

पुढच्या बुधवारी बाई आली तं लाइनीत एक पोट्टं नाही. कोणी मामाच्या गावाले, कोणी मावशीकडं, कोणी नुसतं "नाही". बाई नीमाखाली वही उघडून उभी राह्यली, पानाकडं पाहे, लाइनीकडं पाहे. मी दारात बसून दात घासून राह्यलो होतो, तिकडं पाठ करून.

मंग ऊन तापलं. टँकरचं पाणी दोन दिवसाआड आलं, लोकं नाल्यात झिरे खोदून पाणी घेत. घरोघरी पोट्टे हगवणीले लागले. तट्ट्यापलीकडचंही लागलं. वहिनीनं जसं सारे करतात तसंच केलं. पाणी बंद, अंगावरचंही कमी. "पाणी पाजलं का अजून पातळ होते," असं तिच्या आईनं सांगतलेलं, तिच्या आजीनं आईले सांगतलेलं.

शनवारी मी ऐकलं. रडणं तेच होतं, पण त्याच्यातून गिरकी गेली होती. मी इकडून गिरकी लावून उत्तर देल्लं. ते थांबलं नाही. ऐकलंच नाही त्यानं. रविवारी आवाज सुका झाला, जसा कोणी कोरड्या पाटीवर पेन्सिल घासते. मी करून पाह्यलं, मले जमलं नाही. माह्या घशात ओल होती ना. सोमवारी नुसतं मधून मधून. मंगळवारी मी कामावरून आलो अन् कान लावून बसलो, तं वहिनीचं पुटपुटणं तेवढं, दुसरं काही नाही.

"वहिनी, पोट्टं कसं हाये?" मी तट्ट्यातून विचारलं.

"झोपून राह्यलं जी. आता रडत नाही."

तिच्या आवाजात बरं वाटल्यावानी होतं. मी म्हटलं, दवाखान्यात न्या. ती म्हणे, "तिथं नाव पुसतात भाऊ. उद्या याचा बाप येऊन पाहीन तं झोपडी नाही, मंग?" सांगाचं म्हणून मी दोनदा उठलो, दोनदा बसलो. सांगतलं का ती पुन्हा माह्याशी बोलणार नाही, हे मले पक्कं माहीत होतं. मले त्याची भीती वाटली. पोट्ट्याची कमी अन् त्याची जास्त. हे सांगाले बरं वाटत नाही, पण तसं होतं.

बुधवारी बाई आली. बुटाचा आवाज माह्या दारावरून वहिनीच्या दाराशी थांबला. तट्ट्याच्या फटीतून मले दिसून राह्यलं होतं का वहिनीनं पोट्टं बाजेखाली ठेवलं, त्याच्यावर टोपलं पालथं घातलं, त्याच्यावर लुगडं टाकलं. टोपल्याखालून आवाज नाही. पडदा सारून ती बाहेर गेली.

"बाळ कुठे आहे ग?"

"मामाच्या गावाले गेलं जी."

"तुझ्याशिवाय? अंगावर पितं ना ते?"

"आजी हाये न जी तिथं."

बाई म्हणे, "पाणी दे थोडं." वहिनीनं पाणी देल्लं. बाईनं पेलं, अन् बूट पुढं निघाले. एक झोपडी. दोन झोपड्या.

मी बाहेर आलो. बोलाले तोंड उघडलं तं कोणाचाही आवाज येई ना, मुकादमाचा नाही अन् माहाही नाही. मंग एकदम चिरका निघाला.

"बाई! पोट्टं आतच हाये. टोपल्याखाली."

वहिनीनं माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं होतं ती रडन. ती दारात आडवी उभी राह्यली, दोन्ही हात बांबूले लावून. "किती भेटले तुले? झोपडी तोडाले किती भेटले?" आतापर्यंत मी 'तुमी' होतो.

"वहिनी, साहेब नव्हता तो. मी होतो. नक्कल होती."

"खोटा! म्या ऐकला साहेब. या कानानं ऐकला."

बाई परत येऊन पोहचली होती. लाइनीतल्या बाया जमल्या. वहिनी हटे ना. मंग एकच राह्यलं होतं. मी छाती फुगवली अन् तिच्यापुढं, भर उन्हात, तोच आवाज काढला. "सबके नाम लिख लिए? बच्चा-बच्चा का लिखो! जिसका नाम बही में चढ़ा..." पूर्ण म्हटलं, शनिवारपर्यंत. एकही जण हसलं नाही. अशी चांगली नक्कल मी आधी कधी केली नव्हती, अन् मधातच मले वाटून राह्यलं होतं का आता कोणी तरी चप्पल मारावं.

वहिनीचे हात खाली आले.

बाईनं टोपलं उचललं. पोट्ट्याचे डोळे अर्धे उघडे, खोल गेलेले, टाळू खड्ड्यावानी. बाईनं पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राह्यली. "लघवी कधी केली यानं?" वहिनीले आठवे ना. "भात शिजला आहे कुणाकडे? पेज आणा. मीठ आणा. उकळलेलं पाणी आणा." बायायनं आपापल्या घरून आणलं. बाई पोट्टं मांडीवर घेऊन चमच्यानं पेज सोडे, एक चमचा, मंग थांबे, मंग एक. वहिनी म्हणे, "पाणी देऊन राह्यल्या जी, अजून लागन." बाई वर न पाहता म्हणे, "लागू दे. गेलेलं भरायचं आहे."

रस्त्यावर पाण्याचा टँकर होता. बाई त्याच्यापुढं आडवी उभी राह्यली. केबिनमंधी ती, वहिनी, पोट्टं. मी पायऱ्यावर लटकलो. बाईचा एक हात पोट्ट्याखाली, एका हातात चमचा. खिडकीतून तिनं वही माह्या छातीवर ढकलली.

"मुनशी ना तू? लिही. आईला विचार अन् लिही."

टँकर उडून राह्यला होता. मी एका हातानं दार धरलं, वही खिडकीवर टेकवली. वहिनीनं नाव सांगतलं. पेन्सिल टेकली तवा तिनं डोळे मिटून घेतले. मी लिहिलं: पोट्ट्याचं नाव, आठवा महिना, बाप नंदिनी खाणीत, नीमापासून चवथी. अक्षर असं आलं का मलेच लागे ना.

दवाखान्याच्या दारात एकानं विचारलं, "क्वार्टर नंबर?" बाईनं ते पान त्याच्यापुढं धरलं. "माझ्या वहीतलं मूल आहे." तो पाहून राह्यला. बाई तवापर्यंत आत गेली होती.

पोट्ट्याच्या पायाले सुई टोचून बाटली लावली. पोट्टं दोन दिवस तसंच होतं. मी कामावरून सुटलो का वऱ्हांड्यात जाऊन बसो. वहिनी आतून येई, माह्यापुढून नळाले जाई, परत येई. मी म्हटलं, "वहिनी, काही आणू का?" ती भिंतीपुढून निघाल्यावानी निघून गेली. तिचा नवरा आला, त्याले सारं समजलं असन. तो माह्याकडं पाहे, पण बोलला तोही नाही. माराले तरी पाहिजे होतं त्यानं.

शुक्रवारी संध्याकाळी आतून आवाज आला. बारीक 'अ‍ॅं'. मंग थांबलं. मले माहीत होतं ते कावून थांबलं. मी तोंडावर हात ठेवून बसलो. आतून वहिनी म्हणे, "आली न रे, आली," अन् ते चूप झालं.

तवाच बाई बाहेर आली. बूट माह्यापुढं थांबले.

"उठ. वाचलं ते. आता ऐक. तू नकला करतोस म्हणे?"

"हो जी."

"माझी करतोस? करून दाखव."

"नाही जी."

"का? बूट आहेत, वही आहे, हा असला आवाज आहे. सगळ्या लाइनीला दाखवतोस, मला नाही? आता लाज वाटते?" बाईनं आवाज चढवला, वऱ्हांड्यातले लोकं वळून पाहाले लागले. "चार महिने मी त्या लाइनीत नुसती पाणी प्यायला येत होते. ठाऊक आहे तुला? तहान नसताना. कुणाच्याही घरचं, कसलंही. दोनदा मलाच हगवण लागली. वही काढली नाही पिशवीतून. पाचव्या महिन्यात काढली, अन् त्याच दिवशी तुझ्या जिभेला खाज सुटली! सेक्टरातलं पोर आजारी पडलं तर त्याचं कार्ड आहे, त्याचा बाप साहेबाला सांगतो. ह्यांचं काय आहे? झोपड्या उद्या खरंच उठल्या तर ही माणसं कुठे पांगतील, तू शोधणार आहेस? मी शोधते. कशावरून शोधते? आता सगळ्या लाइनीत फिरून पुन्हा पाणी प्यायचं मी. पहिल्यापासून."

मी खाली पाहून राह्यलो.

"वर बघ. आवाज बदलला ते तुला कधी कळलं?"

"शनवारी जी."

"अन् सांगितलंस कधी?"

"बुधवारी."

"त्या पोरीला नाही कळलं. ती वीस वर्षांची आहे, एकटी आहे, घाबरलेली आहे. रोज थोडं थोडं कमी होत गेलं, तिला वाटलं निजतंय. तुला कळलं! शनिवारी कळलं! असे कान घेऊन चार दिवस बसून काय केलंस? हां? बोल ना. अन् हसतोस काय?"

"हसत नाही जी."

"दात दिसताहेत मला!"

माह्यं तोंडच तसं हाये जी, घाबरलो का तसंच होते, असं सांगाचं होतं मले.

"बंद कर ते. नाही होत? मग जा, त्या खांबापाशी जाऊन उभा राहा. तोंड सरळ होईपर्यंत माझ्यासमोर यायचं नाही, अन् त्या बाईसमोर तर मुळीच नाही!"